घर लहान, पाऊस मोठा: घरबांधणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जांबोटीजवळ आमची उताराची 15 गुंठे जागा आहे. सध्या दोघांपुरतं, साधारण 400 चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. मुलगा पुण्याहून परत आला तर आणखी एक-दोन खोल्या लागतील. कौलारू घराला मागाहून खोली जोडता येते का? गवंडी म्हणतो, स्लॅबच टाका, वर वाढवता येईल. (खानापूर तालुक्यातून)

कौलारू घराला खोली जोडता येते. मात्र ती कुठल्या बाजूला निघणार हे पाया खणण्याआधी ठरलेलं पाहिजे, कारण छप्पर कसं धरायचं ते त्यावरूनच ठरतं.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती वळचणीच्या बाजूला पडवीसारखी खोली काढल्यामुळे. मंगळुरी कौलाला निदान 30 अंशांचा उतार लागतो. या उतारात एक फूट बाहेर गेलं की छप्पर सात इंच खाली येतं. म्हणजे 9 फूट उंचीच्या भिंतीपासून 8 फूट रुंद खोली काढली, तर छप्पर तिच्या बाहेरच्या भिंतीवर जेमतेम साडेचार फुटांवर येणार. तिथे माणूस उभा राहत नाही. मग सुतार उतार कमी करून वेळ निभावून नेतो आणि पहिल्याच आषाढात घर गळायला लागतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण उतार कमी असला की झडीचा वारा तेच पाणी कौलांच्या सांध्यांतून वर ढकलतो.

म्हणून घर आढ्याच्या लांबीच्या दिशेने वाढवायचं. तुमच्यासाठी 24 फूट लांब आणि 16 फूट रुंद असा आराखडा सुचवतो. 24 फुटांची बाजू उताराला आडवी ठेवा, म्हणजे समपातळीवर. त्यामुळे खोदाई आणि भराव दोन्ही कमी होतात, आणि पुढची खोलीही त्याच पातळीत बसते. जिकडे वाढ व्हायची त्या टोकाला भिंतीचा वरचा तिकोन चिऱ्याने (जांभ्या दगडाने) बांधून काढू नका. फळ्यांनी किंवा मेसकाठीच्या (मेस जातीच्या बांबूच्या) तट्ट्याने बंद करा. त्याच भिंतीत 3 फूट × 7 फूट दाराची जागा सोडून वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) आजच टाकून घ्या, आणि खालचा भाग चिरे मातीत लावून भरा. पुढे हे चिरे एका सकाळीत निघतात आणि पुन्हा वापरताही येतात.

नवी भिंत जुन्या भिंतीत दाते काढून गुंतवू नका. जुना पाया बसून स्थिर झालेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोन्ही जखडले की जोडावर भेग ठरलेली. अर्धा इंच फट ठेवून नवी भिंत स्वतंत्र उभी करा आणि फटीवर आतून लाकडी पट्टी एकाच बाजूला ठोका. वरची कौलं एवढी हालचाल सोसतात.

कौलांचा हिशेब असा. चारी बाजूंची वळचण धरून छपराचं क्षेत्र साधारण 650 चौरस फूट होतं. चौरस मीटरला 15 कौलं धरली तर सुमारे 900 लागतील. फुटतूट धरून 1000 मागवा. रिपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर कागदावरून घेऊ नका. आलेल्या गाडीतली अकरा कौलं, छपरावर उताराच्या दिशेने लावतात तशी, जमिनीवर एका रांगेत एकात एक अडकवा. आधी ताणून, मग घट्ट सारून पहिल्या कौलाच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि दोन्हींचा मध्य काढून दहाने भागा. भट्टीगणिक कौल थोडं कमी-जास्त येतं, आणि हे पाच मिनिटांचं मोजमाप चुकलं की अख्खं छप्पर उकलावं लागतं. पश्चिमेची वळचण तीन फूट ठेवा. कडेची आणि खालच्या दोन ओळींची कौलं तारेने किंवा स्क्रूने रिपेला बांधा. वारा आधी तिथेच हात घालतो.

घराच्या वरच्या अंगाला, जोत्यापासून सहा फुटांवर दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर काढा. शंभर फुटांत एक फूट उतार देऊन त्याचं पाणी बाजूच्या ओहोळात सोडा. हा चर नसेल तर बाकी सगळं नीट करूनही जोत्यात ओल येते.

आता स्लॅबविषयी. तुमच्या भागात गळतीमुळे स्लॅबवर पुन्हा पत्रा चढवलेली किती घरं आहेत, ती एकदा मोजून पाहा. एका घरावर दोन छपरांचा खर्च कशाला?

प्रश्न : जांभा चिरा चांगला कसा ओळखायचा? गिलावा करावा का? (चंदगडच्या सीमेलगतच्या गावातून)

ताज्या खाणीचा चिरा मऊ असतो, हवेवर ठेवला की टणक होतो. म्हणून निदान एक उन्हाळा रचून ठेवलेला माल घ्या. गाडीतले कुठलेही तीन चिरे चांगले वाळवून वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा आणि पुसून पुन्हा वजन करा. 20 किलोच्या चिऱ्याचं वजन 2 किलो 400 ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, म्हणजे 12 टक्क्यांवर गेलं, तर तो माल परत पाठवा. पांढरट मातीचे खिसे दिसत असलेला चिराही नको. पावसात ती माती धुऊन जाते आणि भोकं राहतात.

बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा नको. चिरा पाणी पितो आणि तेवढंच बाहेर टाकतो. गिलाव्यामागे ते अडकलं की आतल्या बाजूने ओल आणि बुरशी येते. फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरा, त्याही चुन्याच्या किंवा चुना-सिमेंट मिश्रणाच्या.

प्रश्न : काळ्या जमिनीतल्या आमच्या शेतघराला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा पडल्या आहेत. सिमेंटने बुजवल्या, पुन्हा आल्या. आता शेजारीच 20 × 15 फुटांचं नवं घर बांधायचं आहे. (अथणी तालुक्यातून)

भिंतीचा यात दोष नाही. काळी माती मे महिन्यात आकसते आणि पावसात फुगते. कडेची आधी भिजते, घराखालची कोरडीच राहते. या ओढाताणीत भिंत तिच्या सगळ्यात कमकुवत जागी, खिडकीच्या कोपऱ्यात फुटते. भेग उन्हाळ्यात सर्वांत रुंद असते. तेव्हाच ती सिमेंटने घट्ट भरली, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि ती शेजारी फुटते.

नव्या घरासाठी आधी एक खड्डा खणून बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर पाया सरळ मुरमावर घ्या. काळा थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत अशाच मातीसाठी आहे. हाताच्या ऑगरने (मातीत फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने) साडेतीन मीटर खोल भोक घेतात, कारण साधारण तेवढ्या खोलीवर मातीतली ओल ऋतूगणिक फारशी बदलत नाही. खांब 25 सेंटीमीटरचा असेल तर तळाचा फुगवटा त्याच्या अडीच पट, सुमारे 62 सेंटीमीटर. तुमच्या घराला चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य असे आठ पाइल पुरतील. सळई मात्र अभियंत्याकडून ठरवून घ्या.

पाइलवरच्या बीमखाली 8 सेंटीमीटर मोकळी फट राहिलीच पाहिजे. गवंडी सोयीसाठी बीम मातीवरच ओततो. मग फुगलेली माती बीम उचलते आणि पाइलचा खर्च वाया जातो. ही एक गोष्ट स्वतः उभं राहून तपासा.

छपराचं पाणी भिंतीलगत पडू देऊ नका. 300 चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी सुमारे 11,000 लिटर पाणी हाती लागतं. पन्हळ लावून ते टाकीत घ्या. घराभोवती पाच फुटांची फरशी बाहेर उतार देऊन करा, आणि झाड त्याच्या वाढलेल्या उंचीइतकं दूर लावा. जुन्या घरालाही आधी हीच फरशी आणि पन्हळ करा, एक वर्ष भेगा बघा, आणि मग चुन्याने भरा.

प्रश्न : आतल्या हलवता येणाऱ्या भिंतींसाठी मेसकाठी वापरली, तर वर्षभरात जमिनीवर बारीक पीठ पडू लागलं. (कणकुंबी भागातून)

ते पीठ म्हणजे आतून पोखरणाऱ्या भुंग्याचं काम. काठीतल्या पिठूळपणावर तो जगतो. कोवळी काठी म्हणूनच लवकर जाते. तीन-चार वर्षांची, पावसाळा संपल्यावर तोडलेली काठी घ्या. 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवा. चिरलेल्या कांबी चार दिवस बुडवा; अख्खी काठी असेल तर पेरांमधले आतले सगळे पडदे सळईने फोडून आठ-दहा दिवस. नंतर सावलीत वाळवा. हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्यात सोडू नका. हे औषध पावसाने धुपतं, त्यामुळे अशी काठी घराच्या आतच वापरा, आणि चौकटीचं खालचं टोक जमिनीला न टेकवता सहा इंच उंच दगडावर ठेवा. पीठ पडणाऱ्या जुन्या काठ्या नव्या ढिगाजवळ मुळीच ठेवू नका.