रोज ऑफिसला न्यायच्या पोर्शे ९११ ला कार्बन सिरॅमिक ब्रेक घेणं परवडतं का?

फक्त रोजच्या वापरासाठी असेल तर नको, ९११ चे नेहमीचे बिडाचे ब्रेक शहरात आणि घाटातही पुरून उरतात. सिरॅमिक डिस्क बिडाच्या डिस्कपेक्षा साधारण निम्म्या वजनाची असते आणि तापल्यावरही ब्रेक ढिला पडत नाही, पण सिग्नल ते सिग्नल चालवताना तेवढी उष्णता तयारच होत नाही. रोज जाणवणारे फायदे वेगळेच: रिमवर ब्रेकची काळी भुकटी जवळजवळ बसत नाही आणि पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तरी डिस्कला गंज चढत नाही. उलट थंड, ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक किंचित उशिरा धरतो, कधी किंचाळतोही.

खरी भीती पंक्चरवाल्याकडे. चाक काढताना रिम डिस्कच्या कडेवर आपटला की टवका उडतो, आणि टवका मोठा असेल तर डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून बोल्टच्या जागी आधी दोन गाइड पिना लावायच्या आणि चाक त्यांवरून सरळ बाहेर ओढायचं. पॅड सिरॅमिक डिस्कसाठीचेच हवेत. झीज नुसत्या जाडीवरून कळत नाही. डिस्कच्या मधल्या भागावर किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं, डिस्क काढून काट्यावर ठेवायची आणि ताडून बघायचं.

जुनी गाडी घेताना सिरॅमिक ब्रेक आधीच बसवलेले असतील तर मात्र नाकारू नका, फक्त हे वजन सौद्याआधी करून घ्या.