विली नेल्सनचे इतके अल्बम आहेत, ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि गायक म्हणून त्याला यश इतक्या उशिरा का मिळालं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की 'क्रेझी' हे गाणं तुम्ही पॅट्सी क्लाइन या गायिकेचंच समजत होतात, ते विलीने लिहिलंय हे कळल्यावर त्याचं स्वतःचं गाणं शोधून ऐकलंत, आणि तो "जरा बेतालच" वाटला. 'बेताल' वाचून हसू आलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच त्या शब्दात देऊन ठेवलंय. नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची, अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांतून आलेल्या संगीताची, राजधानी. तिथल्या मंडळींनाही दहा-बारा वर्षं तसंच वाटत होतं.

शाळेत असताना मी पाच वर्षं तबला शिकलो. पुढे नोकरीसाठी डॅलसजवळ राहायला गेलो, आणि तिथे एका सकाळी गाडीत रेडिओवर विली पहिल्यांदा कानावर पडला. हात आपोआप स्टिअरिंगवर ठेका धरू लागला आणि पहिल्याच ओळीला वाटलं, अरे, हा मागे राहिला. आता पकडेल, आता पकडेल... आणि ओळ संपता संपता हा पठ्ठ्या बरोब्बर जागेवर! मुरलेली ठुमरी गायिका बोल खेचत नेते, तबलजीकडे बघतही नाही, आणि तरी समेवर अलगद येऊन बसते, जात तीच. आपल्या कानांना यात नवल वाटू नये. पण त्या काळच्या कंट्री गाण्यात शब्द ठोक्यावर पडायचा म्हणजे पडायचाच. आणि हा कधी ठोक्याच्या मागे, तर कधी पुढे पळालेला.

(तो आता नव्वदी ओलांडलेला आहे, तरी मी अरेतुरे करतोय. गाणाऱ्याला आपण असंच करतो, तेव्हा चालवून घ्या.)

विलीचा जन्म १९३३ चा, टेक्सासमधल्या ॲबट नावाच्या खेड्यातला. आजी-आजोबांनी वाढवलं. मोठी बहीण बॉबी पियानो वाजवायची, ती पुढे जन्मभर त्याच्या बँडमध्ये राहिली. त्याने रेडिओवर निवेदकाची कामं केली, बारमध्ये गायला, आणि ह्यूस्टनला असताना पैशांची अशी चणचण होती की 'फॅमिली बायबल' हे गाणं ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला विकून टाकलं. विकलं म्हणजे हक्कासकट. १९६० मध्ये क्लॉड ग्रेने गायलेलं 'फॅमिली बायबल' गाजलं तेव्हा त्यावर विलीचं नाव नव्हतं. पण आपलं गाणं चालतं एवढं त्याला कळलं, आणि तो जुन्या गाडीतून नॅशव्हिलला पोहोचला.

तिथे हॅंक कॉक्रन या गीतकाराने त्याला एका प्रकाशन कंपनीत आठवड्याला ५० डॉलरवर लावून दिलं. कॉक्रनला त्याच सुमारास ५० डॉलरची पगारवाढ मिळायची होती. ती सोडून त्याने विलीला घ्यायला लावलं असं सांगतात. मग १९६१ साल उजाडलं. फॅरन यंगने गायलेलं 'हॅलो वॉल्स' नऊ आठवडे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. विली तेही गाणं ५०० डॉलरला विकायला निघाला होता. यंगने गाणं विकत घेतलं नाही, उलट ५०० डॉलर उसने दिले आणि गाणं स्वतःकडेच ठेव म्हणून सांगितलं. असा माणूस वेळेवर भेटायला नशीब लागतं.

'क्रेझी'ही त्याच वर्षीचं. पॅट्सी क्लाइन नुकतीच गंभीर मोटार अपघातातून उठली होती, बरगड्या दुखत होत्या, वरचे स्वर लागेनात. ओवेन ब्रॅडली हा तिचा निर्माता. आधी वाद्यांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं आणि तिने नंतर परत येऊन आवाज भरला. विलीच्या नमुना ध्वनिमुद्रणातली ती मागेपुढे लपंडाव खेळणारी लय तिला आधी पटलीच नव्हती. तिने गाणं आपल्या पद्धतीने बसवलं, आणि तुम्ही म्हणता ते खरंच आहे: गाणं तिचंच झालं.

म्हणजे १९६१ च्या अखेरीस परिस्थिती अशी की विलीची गाणी दुसऱ्यांच्या तोंडी सगळ्या देशात वाजतायत. मग त्यालाच गाऊ द्यावं असं कुणाला वाटणार नाही? लिबर्टी कंपनीने १९६२ मध्ये पहिला अल्बम काढला, 'अँड देन आय रोट'. एक-दोन गाणी वरच्या दहांत गेली, पण एकूण गाडी हलली नाही. मग आरसीए ही दुसरी कंपनी. तिथे निर्माता चेट ॲटकिन्सच्या हाताखाली तो १९६४ च्या अखेरीपासून १९७२ पर्यंत होता, अल्बमवर अल्बम निघत होते आणि दुकानांत पडून राहत होते.

इथे जरा थांबतो, कारण यशाला उशीर झाला तो इथे. तेव्हा नॅशव्हिलमध्ये काम कसं चालायचं? तीन तासांचं एक सेशन, त्यात तीन-चार गाणी संपवायची. वादक कंपनीच्या पसंतीचे, तेच ठरावीक. गायकाचा रोजचा बँड स्टुडिओत नको. गायक घरी गेला की मागाहून व्हायोलिनचा ताफा आणि कोरस चढवायचा. या पद्धतीने उत्तम गाणीही झाली आहेत. चेट ॲटकिन्स हाही काही खलनायक नव्हे, फार मोठा गिटारवादक आणि विलीबद्दल आस्था असलेला माणूस. पण विलीच्या गाण्याला जागा लागते. तो ओळ उशिरा उचलतो ती मधल्या शांततेच्या भरवशावर. नेमकी तीच जागा व्हायोलिनने आणि "ऊऽ आऽ" करणाऱ्या कोरसने भरून टाकली, की मागे राहिलेला आवाज मुद्दाम मागे राहिलाय असं वाटतच नाही. चुकला असंच वाटतं. आपल्याकडे गायकाने आलाप घेत राहावा आणि पेटीवाल्याने प्रत्येक फटीत आपली हरकत घुसवावी, तसं काहीसं.

हे माझं एकट्याचं मत नाही. विलीचा हार्मोनिकावादक मिकी राफाएल याने २००९ मध्ये आरसीएच्या जुन्या टेपांतून व्हायोलिन आणि कोरस काढून टाकून 'नेकेड विली' नावाचा अल्बम तयार केला. आवाज तोच, गाणी तीच, फक्त वरचा साज उतरवला. खाली अस्सल विली होता, आधीपासूनच.

१९७० च्या डिसेंबरात नॅशव्हिलजवळचं त्याचं घर जळालं. पेटत्या घरात शिरून त्याने काय वाचवलं, तर गिटार आणि गांजाची पिशवी; हे तो स्वतःच सांगत आलाय. गिटारची गोष्ट वेगळी सांगायला हवी. १९६९ मध्ये एका दारुड्याचा पाय पडून त्याची जुनी गिटार मोडली. नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सनकडे दुरुस्तीला पाठवली, तो म्हणाला ही काही उठत नाही, माझ्याकडे एक मार्टिन एन-२० आहे, ७५० डॉलर. विलीने न बघता घेतली. नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची शास्त्रीय गिटार. तिला नखीपासून वाचवणारी पट्टी नसते. हा गडी नखीनेच वाजवतो. वाजवून वाजवून लाकडाला भोक पडलं. तिचं नाव 'ट्रिगर', आणि आजही तो तीच वाजवतो. तिचा तो किंचित खरखरीत, जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची आठवण करून देणारा आवाज म्हणजे त्याच्या गळ्याचाच दुसरा भाग आहे.

घर जळाल्यावर तो टेक्सासला परतला, ऑस्टिनच्या आसपास रमला. तिथे लांब केसांची हिप्पी पोरं आणि टोपीवाले काउबॉय एकाच सभागृहात त्याला ऐकायला यायला लागले. ॲटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरने, म्हणजे रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिनसोबत काम केलेल्या निर्मात्याने, त्याला मोकळं सोडलं. 'शॉटगन विली' १९७३ मध्ये आणि 'फेझेस अँड स्टेजेस' १९७४ मध्ये आला. दुसऱ्यात एका घटस्फोटाची गोष्ट आहे, तबकडीच्या एका बाजूला बायकोची, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची. माझ्या मते गीतकार म्हणून त्याचं हे सर्वोत्तम काम. पण ॲटलांटिकने कंट्री विभागच बंद केला.

मग कोलंबियाशी करार झाला, आणि त्यात काय काढायचं ते विली ठरवणार हे कलम होतं. १९७५ च्या जानेवारीत तो गार्लंडच्या ऑटम साउंड स्टुडिओत स्वतःचा बँड घेऊन गेला. गार्लंड म्हणजे डॅलसचं उपनगर. मी तिथून पंधरा मिनिटांवर राहत होतो आणि वर्षभर मला याचा पत्ताच नव्हता! काही दिवसांत, साधारण ४ हजार डॉलर खर्चात 'रेड हेडेड स्ट्रेंजर' तयार झाला. बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून करून घोड्यावर भटकणाऱ्या धर्मोपदेशकाची कथा. गिटार, बहिणीचा पियानो, हार्मोनिका, कुठेकुठे ढोलाचा हलका स्पर्श. पुष्कळशी शांतता. कंपनीतल्या लोकांना वाटलं हा कच्चा नमुना आहे, अजून काम बाकी आहे. कलम होतं म्हणून तसाच काढावा लागला.

त्यातलं 'ब्लू आईज क्राइंग इन द रेन' पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून विलीचं हे पहिलं 'नंबर वन', वयाच्या ४२ व्या वर्षी. गंमत अशी की आयुष्यभर दुसऱ्यांना गाणी पुरवणाऱ्या माणसाचं हे गाणं स्वतःचं नव्हतं, चाळीसच्या दशकातलं फ्रेड रोजचं होतं. दुसरी गंमत आरसीएची. वारं फिरलेलं बघून त्यांनी १९७६ मध्ये कपाटातल्या टेपा काढल्या, विली, वेलन जेनिंग्स, जेसी कोल्टर आणि टॉम्पल ग्लेझर यांची बव्हंशी जुनीच गाणी एकत्र करून 'वॉन्टेड! द आउटलॉज' काढला, आणि प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचं, प्रमाणपत्र मिळालेला तो पहिला कंट्री अल्बम ठरला. त्यात विलीची दोन गाणी १९७१ च्या 'येस्टरडेज वाइन'मधली होती, ज्याला तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं.

१९७८ चा 'स्टारडस्ट' हा कोलंबियाला दुसरा धक्का. आउटलॉ, म्हणजे नॅशव्हिलचे नियम न मानणारा बंडखोर, म्हणून नाव झालंय आणि हा म्हणतो, मला आजी-आजोबांच्या जमान्यातली गाणी गायचीत. निर्माता बुकर टी. जोन्स, मेम्फिसच्या सोल संगीतातला ऑर्गनवादक. अल्बम कंट्रीच्या यादीत दहा वर्षं टिकला. पुढची ऐंशीच्या दशकातली लोकप्रिय द्वंद्वगीतं वगैरे तुम्हाला आपोआप भेटतीलच, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. अपवाद गायक मर्ल हॅगर्डसोबतचा १९८३ चा 'पॅंचो अँड लेफ्टी'.

१९९० मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्याने १ कोटी ६७ लाख डॉलर थकले म्हणून त्याची मालमत्ता जप्त केली. ट्रिगर तेवढी मुलीने आधीच लपवून ठेवली. कर फेडायला त्याने केवळ आवाज आणि गिटार अशा ध्वनिमुद्रणांचा अल्बम विकला, आणि नावच ठेवलं 'द आयआरएस टेप्स' (आयआरएस म्हणजे तेच आयकर खातं). थट्टा म्हणून नाही, पण खरंच सांगतो, नॅशव्हिलच्या कुठल्याही निर्मात्यापेक्षा आयकर खात्याने त्याला जास्त चांगलं रेकॉर्ड केलंय.

तर सुरुवात. 'रेड हेडेड स्ट्रेंजर' एका बैठकीत ऐका, अर्ध्या तासाचा मामला आहे. मग 'स्टारडस्ट', मग 'फेझेस अँड स्टेजेस'. नंतरच्या काळातला एकच निवडायचा तर १९९८ चा 'टिआट्रो', कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या चित्रपटगृहात निर्माता डॅनियल लॅन्वाने रेकॉर्ड केलेला. त्यानंतर परत 'क्रेझी'कडे या: आधी पॅट्सीचं, लगेच विलीचं १९६२ चं. टेबलावर बोटांनी मात्रा मोजत ऐका. हे घरी बसून करा, गाडीत नको. मी या नादात महामार्गावरचा उताराचा फाटा दोनदा चुकवलाय.