पहिल्या कादंबरीच्या आगाऊ नोंदणीचा टप्पा साजरा करावा का?

तुमचा प्रश्न असा: लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन पहिली कादंबरी छापायची आहे, उद्दिष्ट तीनशे प्रतींचं, शंभरांची नोंदणी झाली. आत्ताच आनंद साजरा केला तर उतावळेपणा दिसेल का?

नाही दिसणार. जरूर करा. दोन वर्षांपूर्वी बडोद्यात मी याच वाटेने गेले.

पहिल्या आठवड्यात नातेवाईक, शाळेतल्या मैत्रिणी, दांडिया बाजारातले शेजारी यांनी भराभर नावं दिली. मग शुकशुकाट. तीन आठवड्यांत जेमतेम अकरा नोंदी. या दिवसांत आपण खचतो हे खरं, पण ज्यांनी पैसे भरले तेही मनात म्हणत असतात, पुस्तक निघणार ना? टप्प्याची बातमी आधी त्यांना द्यायची असते.

दीडशेवी नोंद झाली त्या रविवारी मी वीस-पंचवीस जणांना घरी बोलावलं. सेव-उसळ केली, पहिलं प्रकरण वाचून दाखवलं आणि हिशोबाची वही सर्वांपुढे ठेवली. डेमी आकाराची 240 पानं, म्हणजे सोळा पानी 15 फर्मे (एका कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, टपाल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे मोफत मिळतो, तो खर्च नव्हता. कादंबरीपेक्षा त्या वहीवर जास्त प्रश्न आले, आणि मला ते फार आवडलं. जे आले होते त्यांनी पुढच्या आठवड्यात आपापल्या ओळखीत सांगितलं. नव्या एकोणतीस नोंदी झाल्या, त्यातली बहुतेक नावं मी कधी ऐकलेली नव्हती.

खाण्यापिण्याचा खर्च मात्र स्वतःच्या खिशातून करा. जमलेले पैसे पुस्तक हातात पडेपर्यंत वाचकांची ठेव असते. त्यातला रुपयाही समारंभावर जाता कामा नये, यावर मी ठाम आहे.

आगाऊ वर्गणीवर पुस्तक काढणं यात कमीपणा वाटून घेऊ नका. 1910 साली सयाजीरावांनी सुरू केलेल्या आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तकं चाळताना शेवटच्या पानांवर वर्गणीदारांच्या याद्या मी पाहिल्या आहेत. केतकरांचा 23 खंडांचा ज्ञानकोशसुद्धा वर्गणीदारांच्या बळावर उभा राहिला. आज आपण यूपीआयने पैसे घेतो, एवढाच फरक.

त्या याद्या आठवल्या म्हणून त्या रविवारी मी जाहीर केलं की नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पुस्तकात येईल. तुम्हीही करा, फक्त नाव छापू का हे प्रत्येकाला विचारा. माझ्याकडे दोघांनी नको म्हटलं. तारखेचं वचन मुद्रितशोधन संपेपर्यंत देऊ नका.

शेजारच्या गुजराती बेनना मराठी वाचता येत नाही, तरी त्यांनी सुनेसाठी दोन प्रती नोंदवल्या होत्या. यादी दाखवली तेव्हा म्हणाल्या, माझं नाव गुजराती लिपीत येईल का? आलं. अक्षरजुळणी करणाऱ्याला असं काही असेल तर आधीच कळवा, कारण फॉन्ट वेगळा लागतो आणि ओळींची उंची बदलते.