मीटिंगला कुणी ओळखीचं भेटलं तर?

"मॅडम, जाईन की मीटिंगला. पण तिथं कुणी ओळखीचं निघालं तर?"

दारू सोडायला निघालेला माणूस सोलापुरात या प्रश्नापाशी हमखास अडतो. मीटिंग म्हणजे दारू सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात ती, एए, म्हणजेच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची. गेल्या महिन्यात माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या तिघांनी हेच विचारलं, म्हणून अंबादास यांची हकिगत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अंबादास टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे. पत्नी लक्ष्मीताई घरी विड्या वळतात. पहिल्या दिवशी अंबादास यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी पाणी शर्टावर सांडलं. मी बोलणं तिथंच थांबवून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. हे काम डॉक्टरांचंच, मीटिंगचं नव्हे.

औषधांनी शरीर सावरलं. मग मी मीटिंगचं नाव काढलं.

"कशाला? निर्धार हाय माझा."

तो निर्धार पगाराच्या दिवशी दोनदा मोडला. तिसऱ्यांदा खरं कारण बाहेर आलं. "मॅडम, पूर्व भागात मला पोरगं न् पोरगं ओळखतं."

तिथं आडनाव विचारत नाहीत, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असा दंडक आहे, हे मी समजावलं. ते म्हणाले, "नियम कागदावर असतो मॅडम, तोंड माणसाला असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, "समजा, ओळखीचा भेटलाच. तो तिथं कशाला आला असेल?"

अंबादास गप्प झाले. लक्ष्मीताई मघापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, तो हात थांबला. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, "म्हणजे... त्यालापण माझंच भ्या असंल."

इतक्या वर्षांच्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. पिणाऱ्याकडे निर्धार कमी नसतो, लाज फार असते. लाजेपायी तो एकटा पडतो आणि एकटेपणात बाटली जवळची वाटते. ही लाज मी खुर्चीत बसून उतरवू शकत नाही, कारण मी प्यायलेली नाही. एएचा उगमच यात आहे. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेलेले, नुकतीच दारू सोडलेले बिल विल्सन हॉटेलात एकटे होते, काम फसलं होतं, बार समोर होता. त्यांनी फोन फिरवून दुसरा पिणारा शोधला. ते निघाले डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. दोघं तासन्‌तास बोलत बसले आणि त्या बोलण्यातून ही चळवळ उभी राहिली. अंबादास यांना मी हे सांगितलं तेव्हा 'डॉक्टरपण?' म्हणून ते पहिल्यांदा हसले.

जवळची मीटिंग कुठं भरते ते रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र सांगू शकतं. 14446 या सरकारी हेल्पलाइनवरही व्यसनमुक्तीसाठी मदत मिळते. जागा शाळेचा वर्ग असेल, नाहीतर चर्चची खोली. आधी फोन करा, एखादा जुना सदस्य चौकापर्यंत घ्यायला येतो. एकट्यानं जिना चढणं हेच सगळ्यात अवघड, म्हणून मी यावर अडून बसते. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बोललंच पाहिजे असंही नाही. एका मीटिंगवरून मत बनवू नका, पाच-सहा वेळा जा. एक समूह नाही रुचला तर दुसरा बघा. आणि संपल्यावर लगेच पळू नका. चहा पिताना दोन फोन नंबर मागून घ्या, पगाराच्या दिवशी तेच उपयोगी पडतात.

अंबादास गेले. आणि ओळखीचा भेटलाच! त्यांच्याच कारखान्याचा माल उचलणारा एक व्यापारी. तो काही बोलला नाही, फक्त बाकावर सरकून जागा दिली. आपली पाळी आल्यावर अंबादास यांना मराठी सुचेना, म्हणून ते तेलुगूत बोलले. निम्म्यांना कळलं नसेल, पण मध्ये कुणी तोंड घातलं नाही. "घरात बोलतो तसं बोललो मॅडम," ते मला म्हणाले. तो दिवस माझ्या वहीत मी तारखेसह लिहून ठेवलाय.

पुढं एकदा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी ते मीटिंगला गेले आणि तिथं तसं सांगितलं. आता आठ महिने झालेत, पण ते विचारल्यावर 'आजचा दिवस' एवढंच म्हणतात.

मागच्या भेटीत ते बाहेर चप्पल घालत असताना लक्ष्मीताई मागं रेंगाळल्या. "ह्यांना जागा मिळाली. मी एवढी वर्षं गिळलं ते कुणाला सांगू?"

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात, नवरा पीत असो वा नसो, असं मी सांगितलं आणि चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. त्यांनी ती घडी करून विडी कामगाराच्या कार्डात ठेवली. दारापाशी वळून म्हणाल्या,

"तिथं कुणी ओळखीची असंल ना?"