क्लायंबिंग येत नसेल तर रेस्क्यू टीममध्ये घेतात का?

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत. नोकरीनिमित्त नाशिकला नवीन आलात, दोर-बिर काही येत नाही, तरी डोंगरातल्या रेस्क्यू टीममध्ये यायचंय, हा एक. आणि येत्या रविवारी ऑफिसातल्या सात जणांना घेऊन त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्यावर चाललाय, तेही भर पावसाळ्यात, तर काय काळजी घ्यावी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो, घेतात." दुसऱ्याचं लांबलचक आहे, आणि रविवार जवळ आलाय म्हणून ते आधी.

मी स्वतः कड्यावर लोंबकळणाऱ्यांतली नाही. नाशिकच्याच अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, पन्नाशी जवळ आलीय, डावा गुडघा कुरकुरतो. टीममधलं माझं मुख्य काम म्हणजे फोन धरणं. कॉल आला की अडकलेल्यांशी बोलत राहायचं, गावातल्या पोरांना उठवायचं, पोलिसांना आणि वनखात्याला कळवायचं, आणि हे सगळं वेळेसकट वहीत टिपून ठेवायचं. कारखान्यातली सवय, दुसरं काय.

त्या वहीतला एक दिवस सांगते. रविवारच होता. दुपारी पावणेचारला फोन आला. एका मुलाचा घोटा मोडला होता. हरिहरच्या त्या प्रसिद्ध खड्या पायऱ्यांवर नव्हे हं. पायऱ्या तो नीट उतरला होता. खाली पायथ्याच्या निरगुडपाड्याकडे येणाऱ्या सोंडेवर, सोप्या वाटेवर, "आता काय, पोचलोच" म्हणून पळत सुटला आणि घसाऱ्यावर पाय वळला. धडधाकट माणूस तिथून तासाभरात गावात येतो. आमची पोरं कामावरून, घरातून निघून, सामानाची पोती गाडीत टाकून, त्र्यंबक रोडची रविवारची गर्दी कापत पायथ्याला पोचली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. त्याच्यापर्यंत चढायला आठ. आणि तिथून त्याला स्ट्रेचरवर खाली आणायला रात्रीचे दोन. स्ट्रेचर एका वेळी सहा जण उचलतात, पण निसरड्या वाटेवर शंभर पावलांत खांदे बोलायला लागतात, म्हणून बदली सहा लागतात, आणि पुढे टॉर्च दाखवायला, वाट मोकळी करायला आणखी चार. एका घोट्याला सोळा माणसं आणि दहा तास.

हा हिशेब डोक्यात ठेवून डोंगरात जा, मी एवढंच सांगते. मदत येते, पण उशिरा येते. ती येईपर्यंत तुमची रेस्क्यू टीम म्हणजे तुमच्याबरोबरचे सात जण आणि पाठीवरच्या पिशव्या.

त्या मुलाबरोबर पाच मित्र होते. त्यांतले तिघं "आम्ही खाली जाऊन मदत आणतो" म्हणून निघाले आणि धुक्यात चुकले. मग माझ्याकडे एकाऐवजी दोन कॉल. उरलेल्या दोघांच्या फोनची चार्जिंग व्हिडिओ काढण्यात संपत आलेली. टॉर्च कोणाकडेच नाही, कारण "संध्याकाळपर्यंत परतणारच होतो." पोराला वेदनेपेक्षा थंडीने जास्त छळलं. दिवसभर घामाने आणि पावसाने भिजलेला माणूस वाऱ्यात निश्चल पडून राहिला की पावसाळ्यातसुद्धा गारठून जातो. बडबड असंबद्ध व्हायला लागली की समजावं. तेव्हा हवा असतो एक कोरडा शर्ट, डोक्याला काहीतरी, आणि खाली अंथरायला सॅक. दारू पाजून "ऊब" देणारे महाभागही मी फोनवर ऐकलेत. कृपा करून नको, त्याने अंगातली उष्णता उलट लवकर जाते.

त्याच्यापर्यंत आधी पोचले ते आम्ही नव्हेच. पाड्यावरचे चार तरुण प्लॅस्टिकचं इरलं पांघरून, साध्या चपलांवर पाऊण तासात वर गेले, एकाने घरून चहा नेला होता. रस्त्यापासून लांबच्या या पाड्यांवर आजारी माणूस बांबू आणि चादरीच्या डोलीतून दवाखान्यात न्यायची वेळ अजूनही येते, त्यामुळे माणूस उचलायचं शिक्षण त्यांना कोणी वेगळं द्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आमचा आला. म्हणून सांगते, गावातून एक वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे बिनघासाघीस द्या, आणि त्याचा नंबर खाली घरी राहणाऱ्या कोणाला तरी देऊन ठेवा.

आता हरिहरबद्दल. उंची साधारण ३६७६ फूट. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतल्यावर बऱ्याच किल्ल्यांच्या पायऱ्या फोडून टाकल्या, हरिहरच्या मात्र राहिल्या, आणि आज सगळी गर्दी त्यांच्यासाठीच येते. जवळजवळ उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना हात अडकवायला खोबण्या. चढताना तोंड कातळाकडे असतं म्हणून काही वाटत नाही. खरी गंमत उतरताना. खाली बघितलं की दृष्टिभय येतं, पाय लटपटतात, आणि मागे पन्नास माणसं खोळंबलेली. उतरतानाही तोंड कातळाकडेच ठेवायचं, शिडी उतरतो तसं, आणि दोन हात नि दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले. फोन खिशात, चेन लावून. वरून कोणी उतरत असेल तर महादरवाजाशी किंवा पायऱ्यांच्या तळाशी थांबायचं, मध्ये एकमेकांना ओलांडायचं नाही. कोणाचे हातपाय गळाले तर त्याला हिंमत देणारी भाषणं नकोत. एक जण त्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून त्याचं पाऊल हाताने खोबणीत ठेवून देतो, बास.

पण सातांतले चार जण पहिल्यांदाच डोंगर चढणार असतील, तर माझं मत विचाराल तर पावसाळ्यातल्या रविवारी हरिहर नकोच. पेठ रस्त्याला आशेवाडीला जा, रामशेज करा. छोटा किल्ला आहे, पण मुघलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलंय, तुम्हाला अर्धा दिवस पुरेल. कोणाचा दम कुठे संपतो हे तिथे स्वस्तात कळतं. हरिहर हिवाळ्यात, जमलं तर एखाद्या मधल्या वारी रजा टाकून. आणि कुठेही जायचं तर निघण्याआधी चौकशी करा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि वनखातं काही ठिकाणं बंद करतं. बंद म्हणजे बंद, मागच्या वाटेने जाऊ नका. मागच्या वाटेवर काही झालं तर तिथे शोधायला कोणी येणार नाही.

माझ्या वहीतले बहुतेक कॉल दुपारी चारनंतरचे आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांचं मूळ मला विचाराल तर मिसळ आहे. हसू नका. सहाला निघायचं ठरतं, सातला निघतात, मग "जाता जाता मिसळ खाऊ" म्हणून रांगेत तास जातो, वर जिलबी, आणि डोंगराला पाय लागतो अकराला, तोही जड पोटाने. मिसळ परतताना खा. चढाईला सातच्या आत लागा, आणि घरूनच ठरवून निघा की दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा शंभर पावलांवर असला तरी.

पाण्याचं वेगळं सांगते. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडीच्या धबधब्यापाशी ऑगस्ट २०२२ मध्ये नाल्याचं पाणी अचानक वाढून वीसेक पर्यटक पलीकडे अडकले होते. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर ब्रह्मगिरीच्या अंगाला पडत असतो, तो खाली यायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा दिसू लागला की फोटो सोडून काठ गाठायचा. पलीकडे अडकलातच तर हात धरून साखळी करून उतरू नका. एक घसरला की साखळीच जाते. उंच जागी बसून राहा. पाऊस थांबला की असे नाले बऱ्याचदा काही तासांत उतरतात. उपाशी रात्र काढलेला माणूस सकाळी घरी येतो.

आग्या मोहोळाचंही तसंच. अत्तर, धूर, आरडाओरडा त्या माश्यांना चालत नाही. उठलंच तर कड्याच्या बाजूला पळू नका. तोंड-डोकं झाकून, वाट ओळखीची असेल तर तिथून लांब व्हा, नाहीतर पांघरुणाखाली दबून राहा.

आता फोन. काही झालं तर आधी ११२. राज्यातल्या गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याची हेल्पलाइन निघण्याआधीच शोधून सेव्ह करा. मी फोनवर पहिलं विचारते, कुठे आहात? "हरिहरवर" हे उत्तर नव्हे. निरगुडपाड्याकडून चढलात की हर्षेवाडीकडून, पायऱ्यांच्या वर की खाली, शेवटचं टाकं, देऊळ, ओढा काय दिसलं? रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं. नकाशावर बोट दाबून ठेवलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात, ते साध्या एसएमएसने पाठवा. कॉल लागत नाही तिथेही एसएमएस कधीकधी निसटून जातो. मग एकच फोन चालू ठेवून बाकीचे बंद करा, आणि जागा सांगितल्यावर ती सोडू नका. धुक्यात हाका मारून घसा बसतो. दहा रुपयांची शिट्टी घ्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटात तीन ऐकू आल्या की समजा आम्ही आलो.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. नाशिकला वैनतेयसारख्या जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत. आधी त्यांच्याबरोबर वर्षभर चाला. दोर बांधणं, गाठी, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) हे शिकवलं जातं. पुढे मन झालं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगला साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करता येतो. उत्तरकाशीला शोध आणि बचावाचा वेगळा कोर्सही आहे, पण तो फार पुढचा. टीमला कड्यावर उतरणारे दोन-तीन लागतात. ओझं वाहणारे, गाडी चालवणारे, प्रथमोपचार येणारे, रात्री दोनला फोन उचलणारे वीस लागतात. पैसे मिळत नाहीत, पेट्रोल स्वतःचं, आणि साहेबाला सोमवारी काय सांगायचं हे तुमचं तुम्ही बघायचं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक वेळी जिवंत माणूस खाली येत नाही. पायथ्याशी आई-बाप उभे असतात आणि त्यांच्याशी कोणाला तरी बोलावं लागतं. माझ्या टीममध्ये ते काम बऱ्याचदा माझ्यावर येतं. ते झेपेल की नाही हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि नाही म्हणणाऱ्याला आमच्यात कोणी कमी लेखत नाही.

दसऱ्यानंतर वाटा सुकल्या की सराव सुरू होतात, तेव्हा या. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, तीन लिटर पाणी. दोर हातात मिळेल असं समजू नका. पहिल्या दिवशी तुम्हालाच स्ट्रेचरमध्ये घट्ट आवळून उतारावरून खाली सोडतील. सगळ्या नव्यांना आधी पेशंटच करतात.