वाचकांचे प्रश्न : बाटलीत भरण्यापूर्वी मध तापवावा का?

प्रश्न : आमच्या परसात सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. गेल्या मे महिन्यात काढलेला मध तसाच बाटल्यांत भरला होता. पावसाळा सरेपर्यंत त्यातील तीन बाटल्यांत फेस आला आणि झाकण उघडताच आंबूस वास येऊ लागला. शेजारी सांगतात की भरण्याआधी मधाला एक उकळी द्यावी, तर सासूबाईंच्या मते मधाला आच दाखवणेच चुकीचे. यंदा काय करावे?
– एक वाचक, जावळी तालुका

उत्तर : आपला मध तापवला नाही म्हणून आंबला, असे नाही, तो आंबला त्यातील पाण्यामुळे. माश्या फुलांतून आणतात तो मकरंद पाण्यासारखा पातळ असतो. पंखांनी वारा घालून त्या तो आटवतात आणि मध पिकला की पोळ्यातल्या घरांवर मेणाची झाकणे बसवतात. झाकणे बसण्यापूर्वीच चौकट (पेटीतील पोळ्याची लाकडी चौकट) मधयंत्रात, म्हणजे गरगर फिरवून मध काढणाऱ्या यंत्रात, घातली, तर हाती येतो तो कच्चा मध. अन्नसुरक्षा मानकांनी मधातील ओलाव्याची मर्यादा २० टक्के ठेवली आहे. सातेरीचा मध मेलिफेरा या परदेशी पाळीव मधमाशीच्या मधापेक्षा मुळातच पातळ असतो आणि आपल्या घाटमाथ्यावर मेअखेरीस हवाही दमट होते, त्यामुळे ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. मग मधात मुळातच असलेले यीस्ट जागे होऊन साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करू लागते. आपल्या बाटल्यांतला फेस तोच.

शेजाऱ्यांच्या सल्ल्यात तथ्य एवढेच की उष्णतेने यीस्ट मरते. परंतु त्यासाठी उकळी लागत नाही. सुमारे ६३ अंश सेल्सिअसला सात-आठ मिनिटे पुरतात. कारखान्यांत मध झटपट तापवून तितक्याच झटपट थंड करण्याची सोय असते, घरच्या शेगडीवर ती नसते. मध दाट असल्याने उष्णता त्यात सावकाश पसरते; वरचा थर कोमट होईपर्यंत तळाचा करपू लागतो. सुवास उडतो, रंग काळवंडतो, डायस्टेज आणि इन्व्हर्टेज ही विकरे (एन्झाइम) निकामी होतात आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचे द्रव्य वाढते, ज्याची मर्यादा आपल्याकडे किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. पूर्वी एकदा मीही हा उद्योग करून पाहिला होता. पातेल्यात उरले ते चवीला काकवीच्या जवळचे होते. शिवाय झाकलेल्या भांड्यात तापवल्याने मधातील पाणी कमी होत नाही, म्हणजे मूळ दोष तसाच राहतो.

सासूबाईंच्या म्हणण्याला चरकसंहितेचा आधार आहे, तिथे तापवलेला मध निषिद्ध मानला आहे. त्या वादात न शिरताही घरी मध उकळू नये, हेच मी सांगेन.

यंदा चौकटीतील निदान तीन चतुर्थांश घरे झाकलेली दिसल्यावरच मध काढावा आणि गाळण्याचे काम त्याच दिवशी उरकावे. वसाहतीच्या मध्यभागी तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे नुकताच काढलेला मध पातळ असतो आणि वेगळी उष्णता न देता मलमलीच्या दुपदरी कापडातून उतरतो. मध निवून घट्ट झालाच, तर मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून ते शेगडीवरून खाली उतरवावे, तळाशी फडके अंथरावे आणि त्यावर मधाचे स्टीलचे भांडे ठेवून कोरड्या पळीने मध हलवत राहावे. मधाचे तापमान ४० ते ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. तापमापी नसेल, तर पाण्यात हात सुखाने राहिला पाहिजे, हा अंदाज पुरतो. मध आम्लधर्मी असल्याने तांब्या-पितळेची भांडी टाळावीत. गाळलेला मध झाकून दोन दिवस स्थिर ठेवावा, वर आलेला फेस व मेणाचे कण काढावेत आणि मगच उन्हात खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरावा. मध हवेतील ओलावा ओढून घेतो, तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर हे काम उघड्यावर करू नये. बाटल्या निवडताना एक हिशेब सोयीचा पडेल : एक लिटरच्या बाटलीत साधारण १.४ किलो मध मावतो.

आंबलेल्या तीन बाटल्या उकळून सुधारणार नाहीत; त्या खाण्यासाठी ठेवू नयेत.

प्रश्न : बाटलीतला मध हिवाळ्यात साखरेसारखा दाणेदार झाला आहे. तो भेसळीचा समजावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. मधातील ग्लुकोजचे स्फटिक होतात आणि सुमारे १४ अंश तापमानाला ते सर्वांत लवकर होतात. म्हणूनच मध फ्रीजमध्ये ठेवू नये. मोहरीच्या फुलांचा मध तर काही आठवड्यांतच थिजतो. तो तसाच खाता येतो. पातळ हवा असेल, तर बाटली वर सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात ठेवावी, पण हव्या तेवढ्याच मधापुरते हे करावे. घरात एक वर्षाखालील बाळ असेल, तर त्याला मध चाटवू नये. बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू त्यात असू शकतात आणि घरगुती उष्णतेने, अगदी उकळीनेही, ते मरत नाहीत.