ड्रेजर येण्याआधी

प्रिय,

बंदराच्या खोलीकरणात लोकांशी बोलायचं काम तुझ्याकडे आलं, बरं झालं. आता कामाचं सांगतो.

ड्रेजर, म्हणजे तळाचा गाळ उपसणारं जहाज, यायच्या वर्षभर आधीपासून पाणी किती गढूळ आहे ते मोजून घे. भरतीचं, ओहोटीचं, वादळ होऊन गेल्यावरचंही. मूळ गढूळपणाची नोंद नसली की पुढे नुसती तू तू मैं मैं. मायामी बंदराचं खोलीकरण २०१३ ते २०१५ मध्ये झालं, प्रवाळ गाळाखाली गेलं. त्याच सुमारास प्रवाळांवर रोगही आला होता. मग कशानं किती मेलं, यावर वर्षानुवर्षं वाद!

ओव्हरफ्लो नीट समजून घे. हॉपर ड्रेजर गाळ पाण्यासकट ओढतो आणि पोट भरत आलं की वरचं पाणी परत समुद्रात सोडतो. त्यातला बारीक गाळ प्रवाहाबरोबर लांब जातो. ओव्हरफ्लो बंद ठेवला तर फेऱ्या वाढतात, म्हणून कंत्राटदार कुरकुरणारच. समुद्री गवताला ऊन लागतं. चार दिवसांचा गढूळपणा ते सोसतं, सलग कित्येक आठवड्यांचा नाही. तेव्हा करारात गढूळपणाच्या मर्यादेचा नुसता आकडा नको, तो सलग किती दिवस ओलांडला की काम थांबवायचं तेही हवं.

धक्क्यालगतच्या गाळाबद्दल लोक विचारतीलच. जहाजांच्या तळाच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन आंतरराष्ट्रीय करारानं २००८ पासून बंद आहे, पण जुन्या गाळात ते सापडतं. तपासणीचे निकाल मागण्याआधीच समोर ठेव, वाईट असले तरी.

माझी एक फजिती सांगतो. सभेत मी आलेख दाखवत होतो, 'सगळं मर्यादेत आहे.' एका मच्छीमारानं जाळ्याजवळ भरलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि गप्प बसला. सभा संपेपर्यंत बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. आमचा मापक ओहोटीच्या वाटेवर नव्हताच. जागा त्यानंच दाखवली. दुसऱ्या दिवशी मापक तिथे हलवला. विणीचा हंगाम कुठल्या आठवड्यांत, हेही त्याच माणसांना विचार, पण वेळापत्रक पक्कं व्हायच्या आधी. नंतर विचारणं म्हणजे चेष्टा.

आणि सभा ठेवताना भरतीची वेळ बघ. आम्ही एकदा होड्या बाहेर असताना सभा ठेवली. समोर आमचीच माणसं चहा पीत बसली होती.

तारीख ठरली की कळव.